जुन्या ऑडी टीटीचे वर्ष पारखून देणाऱ्या अण्णांना आभारपत्र

आदरणीय अण्णा,
सादर प्रणाम.

जुन्या बाजारातून ऑडी टीटी घ्यायची, हे माझे फार दिवसांपासून ठरलेले होते. ती कोणत्या वर्षाची घ्यायची, एवढे मात्र ठरत नव्हते. तो निर्णय आपण ज्या बारकाईने आणि ज्या मायेने घडवून आणलात, त्याबद्दल आपले आभार मानावेत आणि तेही चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. घरी येऊन बोललो असतो, तर आपण “त्यात काय एवढं, चहा घे” म्हणून विषय तिथेच मिटवला असता. शिवाय आपल्या सोलापुरात अशा दोन दारी, वेगवान गाड्यांचा शौक असणारी तरुण मंडळी आता पुष्कळ आहेत. आपण मला जे दाखवलेत ते त्यांच्याही कामी यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्यासमोर तीन गाड्या होत्या. एक 2009 ची, दुसरी 2012 ची आणि तिसरी, विकणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे, 2016 ची. पहिल्या दोन्ही टीटीच्या दुसऱ्या पिढीतल्या, तर शेवटची तिसऱ्या पिढीतली. ही पिढी आपल्याकडे एप्रिल 2015 मध्ये आली तेव्हा तिची किंमत 60 लाखांच्या घरात होती. साहजिकच माझे मन 2009 च्या गाडीकडे ओढ घेत होते, कारण ती दिल्लीची होती, फारच कमी धावलेली होती आणि तिची किंमत कोणालाही मोह पडावा अशी होती. दिल्ली परिसरात 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात मिळू लागल्या आहेत, हे आता सर्वांच्या तोंडी आहे.

आपण त्या गाडीचे फोटो बाजूला ठेवलेत आणि आधी आरसी बुकाची प्रत मागितलीत. नोंदणीला 15 वर्षे उलटलेली असल्यामुळे नूतनीकरण आणि फिटनेस आलेच. पण टीटी ही हंगेरीतल्या ग्यॉर येथील कारखान्यात तयार होऊन येणारी, म्हणजे आयात केलेली गाडी आहे, आणि 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरील साध्या मोटारीच्या नूतनीकरणाला 5,000 रुपये शुल्क ठरले, तर आयात मोटारीला तेच 40,000 रुपये ठरले, हे आपण सांगेपर्यंत मला कोणीही सांगितले नव्हते. त्यावर आपल्या राज्याचा हरित कर, आणि परराज्यातून गाडी आणल्यामुळे एमएच 13 मध्ये, म्हणजे सोलापूरच्या आरटीओत, नोंदवताना नव्याने भरावा लागणारा रस्ता कर. कागदावर हा सगळा हिशेब आपण मांडून दाखवलात, तेव्हा त्या गाडीची स्वस्ताई आरटीओच्या खिडकीशीच संपत होती.

कमी धावलेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समजही आपण त्याच बैठकीत दूर केलात. दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या 2.0 लिटर टर्बो इंजिनात टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखण्यासाठी, रबरी पट्टा असतो, आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते. उभ्या राहिलेल्या गाडीचा पट्टाही म्हातारा होतोच, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून अख्खे इंजिन कामातून जाते. याच इंजिनात उच्च दाबाच्या इंधन पंपाला ढकलणारा एक छोटा फॉलोअर असतो, तो झिजत झिजत जाऊन कॅमशाफ्टलाच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यालाच, खातो. तो वेळच्या वेळी काढून पाहिल्याची कुठेतरी नोंद असली पाहिजे, असे आपण म्हणालात. त्या गाडीच्या सर्व्हिस बुकात तशी एकही ओळ नव्हती.

2012 ची गाडी हैदराबादची होती, आणि तिच्यासाठी या वयात आपण पहाटे उठून माझ्याबरोबर आलात, हे मी विसरू शकत नाही. 2010 च्या फेरबदलानंतर या गाडीला 211 अश्वशक्तीचे नवे इंजिन मिळाले आणि रबरी पट्ट्याच्या जागी साखळी आली. साखळी म्हणजे चिंता मिटली, असे बहुतेकांना वाटते. परंतु या पिढीच्या इंजिनात साखळीला ताण देणारा टेन्शनर सुरुवातीला कच्चा निघाला आणि 2012 च्या सुमारास तो सुधारून बसवला जाऊ लागला, त्यामुळे नेमक्या त्याच वर्षाच्या गाडीत जुना भाग आहे की नवा, हे नोंदणीच्या तारखेवरून कळत नाही. प्रत्यक्ष पाहावेच लागते. आपण आदल्या रात्रीच मालकांना फोन करून सांगितले होते की, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आपण सर्वांत आधी बॉनेटवर तळहात ठेवलात, ते गार असल्याची खात्री केलीत, मग मला चावी दिलीत आणि स्वतः इंजिनाजवळ कान नेऊन उभे राहिलात. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जो खडखडाट झाला तो मला ऐकूही आला नसता, इतका तो लगेच थांबला. त्यानंतर आपण टायमिंग कव्हरच्या खालच्या बाजूचे छोटे रबरी बूच काढून त्यातून बारीक कॅमेरा आत घातलात आणि पडद्यावर जुन्या पद्धतीचा टेन्शनर मला दाखवलात. तरुणपणी मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, म्हणून काम करताना आवाजावरून बिघाड ओळखायची सवय लागली, असे आपण परतताना सांगितलेत. त्या सवयीला माझा आदरपूर्वक नमस्कार. मालक सज्जन होते, त्यांनी आपले म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. या इंजिनांचे पिस्टन रिंगांमुळे तेल खाणेही ठाऊक असल्याने आपण तेलाच्या भरणीबद्दल विचारलेत, तेव्हा दर महिन्याला थोडे तेल घालावे लागते, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

राहिली पुण्याची गाडी. विक्रेता तिला 2016 ची म्हणत होता, आणि आरसीवर नोंदणीची तारीखही जानेवारी 2016 चीच होती. आपण मात्र काचेच्या खालच्या कोपऱ्यातून दिसणारा चॅसी क्रमांक वाचायला सांगितलात. सुरुवातीची टी, आर, यू ही अक्षरे ग्यॉरच्या कारखान्याची, आणि डावीकडून दहावे अक्षर मॉडेल वर्षाचे. एफ म्हणजे 2015, जी म्हणजे 2016. तिथे एफ होता. मॉडेल वर्ष साधारणपणे आदल्या उन्हाळ्यानंतर सुरू होते, म्हणून एफ असलेली गाडी फार तर 2015 च्या मध्यापर्यंतची, हे आपण समजावलेत. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवरची तारीख पाहिलीत, सर्व काचांवरच्या खुणा एकमेकींशी ताडून पाहिल्यात, टायरवरच्या चार आकड्यांतून आठवडा आणि वर्ष वाचून दाखवलेत. सगळ्या खुणा 2015 कडेच बोट दाखवत होत्या. विक्रेत्याला आपण एका शब्दानेही दुखावले नाहीत. फक्त भाव 2015 चा धरावा, एवढे सांगितलेत, आणि त्याने तो धरला.

याच गाडीच्या वेळी माझ्याबरोबर आलेल्या मित्राने दरवाज्याला चुंबक लावून पाहिले आणि ते चिकटेना, तेव्हा पुट्टी भरली असेल म्हणून आम्ही दोघेही काळजीत पडलो. तिसऱ्या पिढीच्या टीटीचे बॉनेट, दरवाजे आणि छप्पर ॲल्युमिनियमचे असते, तिथे चुंबक चिकटणारच नाही, म्हणून आपण रंगाची जाडी मोजणारे यंत्र सोबत आणले होते. एकेका पत्र्यावर ते टेकवत आपण आकडे मोठ्याने वाचत होतात आणि मी लिहून घेत होतो. मागच्या डाव्या कोपऱ्याखेरीज सगळीकडचा रंग कारखान्याचाच निघाला. ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून सरळ करणे साध्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे काम नाही, हे लक्षात घेता या तपासणीची किंमत मला फार मोठी वाटते.

ही गाडी तिघींमध्ये सर्वांत जास्त, 60 हजार किलोमीटरच्या आसपास धावलेली होती. तरीही आपण हीच घे म्हणालात, आणि का, तेही सांगितलेत. इंजिन पुढच्या पिढीचे, 230 अश्वशक्तीचे. सर्व्हिसची नोंद एकाही वर्षी खंडित झालेली नाही. आणि नूतनीकरणाला अजून काही वर्षे अवकाश आहे. जे दोष होते ते आपण लपवले नाहीत. या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचे आवरण प्लास्टिकचे असते आणि उष्णतेने ते दगा देते. आपल्या मे महिन्यातल्या 42 अंशांच्या उन्हात तर हमखास. टॉर्च मारून आपण त्या आवरणाच्या कडेला सुकलेल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, फिकट गुलाबी थर दाखवलात आणि ते बदलून दिल्यानंतरच पैसे द्यायचे, अशी अट घातलीत. चालकासमोरच्या ज्या 12.3 इंची पडद्यावर माझा जीव जडला होता, त्याचाही प्रत्येक भाग आपण सुरू करून पाहिलात, कारण या गाडीत मध्यभागी दुसरा पडदाच नाही. गिअरबॉक्सच्या क्लच प्लेट तेलातच फिरतात आणि त्याचे तेल दर 60 हजार किलोमीटरना बदलायचे असते. ते बदललेले नव्हते, म्हणून सोलापूरला आल्या आल्या पहिले काम तेच झाले.

गाडी घरी आल्यानंतरही आपण विचारपूस थांबवली नाहीत. इंजिनाला 95 ऑक्टेनचे पेट्रोल लागते, म्हणून कोणत्या पंपावर ते नियमित मिळते, ही चौकशीही आपणच करून ठेवलीत. होटगी रस्त्यावरचे आणि जुळे सोलापुरातले उंच गतिरोधक तिरके कसे ओलांडायचे, हे शेजारी बसून शिकवलेत. तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याच्या तलावापर्यंत पहिल्यांदा नेली तेव्हा आपण अगदी गप्प बसून फक्त आवाज ऐकत होतात, आणि शेवटी समाधानाने मान हलवलीत. अण्णा, माझ्या वडिलांनी इतकी वर्षे कारखाना चालवून जमवलेल्या पैशातून ही गाडी आली आहे. ते पैसे योग्य ठिकाणी गेले याचा दिलासा त्यांना आहे, आणि तो आपल्यामुळे आहे. आपण एक पैसाही घेतला नाहीत, हे त्यांना अजून रुखरुख लावून आहे.

मागच्या चाकांना जोर देणाऱ्या कपलिंगचे तेल दर तीन वर्षांनी बदलायचे आणि त्या वेळी पंपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळीही काढून धुवायची, नुसते तेल बदलून भागत नाही, असे आपण बजावले होते. कागदपत्रांप्रमाणे ती वेळ दिवाळीच्या सुमारास येते आहे. तेल मी मागवून ठेवले आहे. आपल्याला सवड असेल तो रविवार कळवावा. आपल्या अंगणात गाडी आणतो, आणि त्या दिवशी जेवण मात्र आमच्या घरी व्हावे, असा आईचा आग्रह आहे.

आपला कृतज्ञ,
रेल्वे लाइन्स भागातील एक सोलापूरकर