धान्य केंद्रावरची रांग रेशन दुकानापासून सुरू होते: अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
मंत्रालय, मुंबई

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एका कष्टकरी वस्तीत आम्ही काही जण मिळून धान्य केंद्र चालवतो. ज्या घरातला शिधा संपला, त्या घराला आठ दिवस पुरेल एवढा शिधा द्यायचा, एवढेच त्याचे काम. हे पत्र अनुदान मागण्यासाठी नाही. आमच्या नोंदवहीत ‘रेशन का मिळत नाही’ असा एक रकाना आहे. त्यात जी कारणे लिहिली जातात, त्यांतली बहुतेक आपल्या खात्याच्या हातची आहेत, म्हणून लिहीत आहोत.

आधी केंद्राचे काम सांगतो. ते कळल्याशिवाय रांग का वाढते हे कळणार नाही.

चार माणसांच्या घराला आम्ही तांदूळ ५ किलो, गव्हाचे पीठ ५ किलो, तूरडाळ १ किलो, मूगडाळ अर्धा किलो, तेल १ लिटर, साखर अर्धा किलो, मीठ, चहा पावडर, तिखट, हळद, २ किलो कांदे आणि दोन साबण देतो. वजन सोळा-सतरा किलोच्या घरात जाते. एकटी बाई कडेवर मूल घेऊन हे एका पिशवीत नेऊ शकत नाही, म्हणून भरतानाच दोन पिशव्या करायच्या आणि तेल-साबण एका बाजूला ठेवायचे. साबणाचा वास पिठाला लागला की ते पीठ कुणी खात नाही. मराठवाड्यातून आलेली घरे गव्हाऐवजी ज्वारी मागतात. ज्वारीचे पीठ आठ-दहा दिवस पडून राहिले की विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. त्यामुळे ज्वारी दाण्याच्या रूपातच द्यायची आणि दळणाचे पैसे गिरणीवाल्याकडे परस्पर भरायचे, असे ठरले.

घरात चूल कोणती आहे, हा प्रश्न नोंदणीत सर्वात आधी विचारावा लागतो. कुकर नसेल तर तूरडाळ शिजायला तासभर लागतो. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर स्वयंपाक करणाऱ्या घराला तो गॅस परवडत नाही, तिथे मूग किंवा मसूर द्यायची. ज्यांच्याकडे चूलच नाही त्यांना पोहे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. शिवभोजन थाळीचा अशांना आधार होतो, पण ती दुपारच्या ठरलेल्या वेळेत मिळते. नाक्यावरून कामाला गेलेला माणूस तेव्हा कुठल्या तरी स्लॅबवर असतो.

खरेदीतही खाचखळगे आहेत. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला, तेव्हापासून तांदूळ आणि डाळ ३० किलोच्या कट्ट्यात घेऊन पाकिटे इथेच भरतो. कट्टे जमिनीवर टेकवायचे नाहीत, खाली फळ्या हव्यात आणि भिंतीपासून हातभर अंतर हवे. नाहीतर पावसाळ्यात ओल वर चढते आणि तळचा कट्टा आधी जाळी धरतो. जुना माल पुढे, नवा मागे. जून ते सप्टेंबर दोन आठवड्यांपेक्षा जास्त साठा करायचा नाही, कारण तांदळात सोंडे आणि पिठात अळ्या झाल्या की सगळी मेहनत वाया जाते. काही जण कीड मारायच्या गोळ्या ठेवायला सुचवतात. सेल्फॉससारख्या गोळ्यांचा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. वस्तीतल्या खोलीत, जिच्या भिंतीपलीकडे लेकरे झोपतात, तिथे त्या कधीही ठेवू नयेत. हे आपल्या दुकानदारांनाही पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

देणगीचा ओघ आणि गरज यांची वेळ कधीच जुळत नाही. दिवाळीत तेल-साखरेचे डबे ठेवायला जागा पुरत नाही. खरी ओढाताण जूनमध्ये असते. शाळा सुरू होतात, वह्या-गणवेशाचा खर्च येतो आणि त्याच वेळी पावसाने बांधकामे थांबतात. म्हणून दिवाळीतली रोख रक्कम बाजूला काढून मे महिन्याअखेर डाळ भरतो.

पहिल्यांदा येणाऱ्या घराला आम्ही एकही कागद मागत नाही. नाव, माणसे किती, सहा वर्षांखालील मुले, कुणी आजारी आहे का, एवढे लिहून शिधा देतो. फोटो काढत नाही. दर अर्ध्या तासाला ठरावीक घरे बोलावतो, म्हणजे कुणाला रस्त्यावर ताटकळत उभे राहावे लागत नाही. दुसऱ्यांदा आले की रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर विचारतो. तिथून आपले खाते सुरू होते.

कार्ड सुरळीत चालणारी घरेसुद्धा आमच्याकडे का येतात, याचे गणित छोटे आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे ‘प्राधान्य’ यादीतल्या, म्हणजे धान्याचा हक्क असलेल्या कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे चार जणांना २० किलो. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि त्याचे मोल आम्ही रोज पाहतो. पण अंगमेहनत करणाऱ्या चार जणांच्या घरात भाकरी-पोळी आणि भात मिळून दिवसाला सव्वा किलो धान्य लागते. वीस किलो सोळाव्या दिवशी संपते. त्यात डाळ नाही, तेल नाही. उरलेल्या चौदा दिवसांचे धान्य आणि महिनाभराचे डाळ-तेल रोजंदारीतून येते, आणि रोजंदारी आठवडाभर बुडाली की घर आमच्या दारात उभे राहते. त्यामुळे आमच्याकडे सर्वात आधी डाळ आणि तेल संपते, तांदूळ शिल्लक राहतो.

म्हणून पहिली विनंती डाळीची आणि तेलाची. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल याच दुकानांतून दिले गेले. डाळ आणि तेल या साखळीतून जाऊ शकते हे तेव्हाच दिसले. सणाचा चार जिनसांचा संच एक जिन्नस मागे राहिला तरी अडतो. त्यापेक्षा दर महिन्याला कार्डामागे १ किलो डाळ आणि १ लिटर तेल सवलतीच्या दरात सुटे द्यावे. जे आले ते वाटावे, बाकीच्याची वाट पाहू नये.

आता ज्यांना काहीच मिळत नाही त्यांच्याविषयी.

कार्ड आहे, पण ‘ऑनलाइन नाही’. हे शब्द ऐकून परतलेली माणसे आमच्याकडे सर्वात जास्त येतात. अर्थ प्रत्येकाचा वेगळा निघतो. कुणाचे कार्ड केशरी आहे, पण प्राधान्य यादीत नाही. कुणाचे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, झाले नाही म्हणून धान्य थांबले. कुणाच्या मुलाला पाच वर्षे पूर्ण झाली, पण बोटांचे ठसे देऊन आधार अद्ययावत केले नाही, त्यामुळे दुकानातले अंगठ्याचे यंत्र त्याला ओळखत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झाल्याचा दाखला नाही म्हणून इकडे चढत नाही. माहेर परभणीकडचे असेल तर त्या दाखल्यापायी दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे जाते, आणि तोवर तिच्या बाळाचेही नाव अडून राहते. चार कारणे, चार वेगळे उपाय, पण दुकानात सगळ्यांना उत्तर एकच. कुठल्या खिडकीवर जायचे हेच कळत नाही.

याला उपाय अगदी स्वस्त आहे. धान्य दिल्यावर दुकानातल्या त्या यंत्रातून, ई-पॉसमधून, पावती निघते, तशीच नकाराचीही पावती निघावी. तिच्यावर तारीख, कार्डाचा नंबर, नकाराचे कारण मराठीत, आणि पुढे कुठे जायचे ते छापलेले असावे. आज १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार करायची तर हाती पुरावा काय? कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमला, राज्य अन्न आयोग नेमला, हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद केली. पण नकार तोंडी आहे तोवर या सगळ्या दारांपर्यंत कुणी पोहोचत नाही. आम्हाला विचाराल तर या पत्रातली एवढी एकच मागणी मान्य झाली तरी आमच्या नोंदवहीतला तो रकाना झपाट्याने रिकामा होईल.

अंगठ्याचेही तसेच. सिमेंट कालवणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजतात. वय झालेल्यांचे ठसे पुसट होतात. बोट धुऊन, पुसून, किंचित तेल लावून पाहावे, दहाही बोटे लावून पाहावीत. तरीही जमले नाही तर माणूस परत पाठवायचा नसतो. आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून कुणाचे धान्य नाकारू नये, असे केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ लाच राज्यांना कळवले आहे. डोळ्यांची पडताळणी, मोबाइलवर ओटीपी, आणि तेही नसेल तर नोंदवहीत सही घेऊन वाटप, हा क्रम प्रत्येक दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावावा. ई-केवायसी राहिलेल्यांची नावे कापण्याआधी यादी महिनाभर दुकानात लावावी आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे यंत्र घेऊन माणूस जावा.

स्थलांतरितांचा प्रश्न आमच्या भागात मोठा आहे. कार्ड गावाकडचे असले तरी पुण्यात धान्य घेता येते. ९ ऑगस्ट २०१९ ला ही सोय आंतरराज्य पातळीवर सुरू झाली तेव्हा महाराष्ट्र-गुजरात ही पहिल्या जोड्यांपैकी एक होती. तरी ती अडते, आणि कारण साठ्यात आहे. कामगार वस्तीतल्या दुकानात बाहेरची कार्डे आली की साठा आधीच आटतो आणि वीस तारखेनंतर ‘माल संपला’ ऐकू येते. दुकानदार आपल्या नेहमीच्या कार्डांसाठी माल राखून ठेवतो, त्याला एकट्याला दोष देता येत नाही. मागच्या तीन महिन्यांत त्या दुकानातून बाहेरच्या कार्डांवर किती उचल झाली, हे यंत्रात असते. तेवढा माल पुढच्या नियतनात, म्हणजे दुकानाला मंजूर होणाऱ्या धान्यात, आधीच वाढवून द्यावा. शिवाय एका कार्डावर गावी आईवडिलांनी थोडे आणि शहरात मुलाने थोडे, असे वाटून धान्य घेता येते, हे गावातल्या दुकानदारालाही माहीत नसते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावी सगळे उचलले गेले की इकडचे चौघे उपाशी.

शेवटी ज्यांना कार्डच मिळत नाही ते. शहरात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, म्हणजे सगळ्या घराचे मिळून महिन्याला ५,००० रुपयेसुद्धा नाहीत. दोन खोल्यांचे भाडे आणि वीजबिल भरणाऱ्या घराला एवढ्यात पुण्यात राहताच येत नाही. तीन घरची कामे करणारी बाई खरे उत्पन्न सांगते आणि बाद होते. खोटा दाखला काढणारा आत जातो. गरिबाला खोटे बोलायला लावणारी मर्यादा आपल्या राज्याने बाळगू नये. दुसरी अडचण इष्टांकाची, म्हणजे ठरवून दिलेल्या लाभार्थी संख्येची. राज्यासाठी सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची कमाल संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरली आहे आणि शहरी भागात ४५.३४ टक्क्यांपर्यंतच लोक त्यात बसतात. नवी जनगणना २०२७ ची. तोवर शहरात वाढलेल्या वस्त्या कागदावर नाहीतच. असंघटित कामगारांच्या ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंद असलेल्या, पण शिधापत्रिका नसलेल्या कामगारांना ती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२३ ला सांगितले आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये कोट्याची सबब बाजूला ठेवायलाही सांगितले. आपल्या परिमंडळ कार्यालयांत, म्हणजे शहरातल्या रेशन कचेऱ्यांत, आजही ‘इष्टांक शिल्लक नाही’ हेच उत्तर मिळते. मर्यादा किती असावी हे आपण ठरवा, पण ती किमान वेतनाशी जोडावी आणि मृत व दुबार नावे कमी होऊन मोकळी झालेली जागा त्याच परिमंडळातल्या प्रतीक्षा यादीला, तारखेच्या क्रमाने, यादी भिंतीवर लावून द्यावी.

नावे वगळून आमच्या नोंदवहीतला तो रकाना आपल्या अधिकाऱ्यांना दाखवायला आम्ही तयार आहोत. वाटपाच्या दिवशी कुणी अधिकारी ई-पॉस यंत्र आणि लॅपटॉप घेऊन दोन तास केंद्रावर बसले, तर कार्ड ‘ऑनलाइन’ का नाही हे प्रत्येक घराला तिथल्या तिथे सांगता येईल. टेबल, खुर्ची आणि विजेची सोय आम्ही करू. तारीख कळवावी.

आपले,
धान्य केंद्राचे कार्यकर्ते, पुणे