ओल्या बुटांतला कागद : आमच्या ऑफिसच्या मामांना पत्र

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

तुम्ही ३१ डिसेंबरला ऑफिस सोडून गेलात आणि मला ते २ जानेवारीला कळलं. तिमाहीचे हिशेब बंद करायच्या गडबडीत ३१ तारखेला मी जागेवरून उठलेच नव्हते. पँट्रीत नवा मुलगा दिसला म्हणून विचारलं, तेव्हा कोणीतरी सांगितलं की हाउसकीपिंगचं कंत्राट दुसऱ्या एजन्सीला गेलं. अकरा वर्षं ज्या माणसाने आम्हाला चहा दिला, त्याला जाताना आम्ही एक कप चहा पाजला नाही. याची मला फार लाज वाटते. तुमचा फोन लागत नाही. मुलगा मोबाइलवर सगळं वाचतो असं तुम्ही सांगायचात, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. तो तुम्हाला वाचून दाखवेल.

मामा, मी धावले. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी मॅरेथॉन, २१.०९७ किलोमीटर. न थांबता नाही, पेडर रोडला बरंच चालले. पण पूर्ण केली.

कशासाठी धावत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते. माझ्या आईचे उपचार परळच्या टाटा रुग्णालयात झाले. आमचं घर डोंबिवलीत, त्यामुळे संध्याकाळी आईला निदान आपल्या अंथरुणावर झोपवता यायचं. आमच्या शेजारी बाकावर बिहारहून आलेली एक बाई सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसायची. मुलाला रक्ताचा कर्करोग. मुलांमधला हा आजार पुष्कळदा पूर्ण बरा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि त्या काळात साधा ताप, साधा जुलाबही जिवावर बेतू शकतो. अशा मुलाला घेऊन ती माउली फुटपाथवर राहत होती. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा अशा लोकांना किती वर्षं आसरा देते आहे, पण देशभरातून येणाऱ्यांना एक धर्मशाळा कशी पुरणार? अशा मुलांच्या राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी मी पैसे गोळा करायचं ठरवलं.

सराव जुलैत सुरू केला. मुंबईतला जुलै. मंगळवारी आणि गुरुवारी पहाटेची लोकल धरून सीएसएमटी, तिथून मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी आणि परत. वरून पाऊस, भरती असली की कठड्यावरून लाटा. ऑफिसात शिरायचे तेव्हा बुटांतून पचक पचक पाणी यायचं. बूट एकच जोड, दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. मंगळवारी भिजलेले बूट गुरुवारी तसेच ओले आणि कुबट. दुसऱ्याच आठवड्यात दोन्ही टाचांना फोड आले आणि फुटले.

बूट मी टेबलाखाली ठेवले होते. त्यावर सगळ्या मजल्याला मेल आली की वैयक्तिक ओल्या वस्तू जागेवर ठेवू नयेत. माझं नाव नव्हतं, पण सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. ज्यांनी ती मेल पाठवली ते माझ्यापासून चार टेबलांवर बसतात. उठून येऊन सांगितलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. त्या दिवशी मी बूट पिशवीत कोंबले आणि ठरवलं, पुरे झालं.

संध्याकाळी निघताना पाहिलं तर पिशवी जागेवर नव्हती. तुम्ही ती आणून दिलीत. बूट कोरडे होते. आत वर्तमानपत्राचे बोळे, आतली गादी वेगळी काढून सुकवलेली, दोन्ही नाड्या एकमेकींना बांधलेल्या. मी नुसती बघतच राहिले. तुम्ही म्हणालात, “ताई, मी लहानपणी गिरगावात पेपर टाकायचो. पायात एकच कॅनव्हासचे बूट, तेच घालून मग शाळेत जायचं. उरलेला पेपर आत कोंबला की शाळेच्या घंटेपर्यंत निम्मं पाणी ओढून घेतो. पण मधे एकदा बदलायचा. ओला कागद आत राहिला तर उपयोग नाही.”

त्यानंतर पाऊस संपेपर्यंत दर मंगळवारी आणि गुरुवारी तुम्ही हे केलंत. सकाळी बूट यूपीएसच्या खोलीत गरम हवेला नेऊन ठेवायचात, दुपारी सगळ्यांची जेवणं उरकली की कागद बदलायचात. मी सांगितलं नव्हतं, नंतरही कधी सांगावं लागलं नाही. मला पुन्हा पुन्हा आठवतो तो दुपारचा बदललेला कागद. एकदा कागद भरून कोणीही दिला असता. पण दुपारी दीड वाजता, साठ माणसांचे डबे गरम करून, टेबलं पुसून झाल्यावर, दुसऱ्याच्या घामट बुटांतले ओले बोळे काढून नवे भरायची आठवण ठेवायची, आणि तेही महिनोन् महिने! जुलै-ऑगस्टमध्ये माझा सराव सुटला असता तर जानेवारी उजाडलाच नसता. तो सुटला नाही तो तुमच्यामुळे.

त्याच ऑफिसात माझ्या साहेबांनी दर गुरुवारी सकाळी साडेसातला सिंगापूरच्या लोकांबरोबर कॉल ठेवला. अर्धा तास पुढे ढकलता येईल का, एवढंच विचारलं होतं. धावणं हा तुझा खासगी छंद आहे, असं उत्तर मिळालं. मग सप्टेंबरच्या सभेत त्यांनीच माझं नाव घेऊन टाळ्या मिळवल्या आणि तू जेवढे जमवशील तेवढेच कंपनी घालेल असं सर्वांसमोर जाहीर केलं. मी तो शब्द संस्थेला कळवला. डिसेंबरात निरोप आला की यंदाचं बजेट संपलं. संस्थेला फोन करून ते सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. शर्यतीनंतर सोमवारी पदकासह फोटो हवा म्हणून माणूस आला, तेव्हा मी नाही म्हणाले.

आणि एक चूक माझी आहे. ऑक्टोबरात तुम्ही दोनशे रुपये घेऊन आला होतात. तुमचा पगार मला माहीत होता, म्हणून मी ते परत केले. तेव्हा वाटलं, मी तुमची काळजी घेतली. आता वाटतं, तुमचं देणं नाकारायचा मला काही अधिकार नव्हता. माफ करा.

शर्यतीच्या दिवशी माहीमहून अंधारातच निघालो. सी-लिंकवर वारा होता. पेडर रोडचा चढ लागला तेव्हा पाय दगडासारखे झाले. तिथे रस्त्याच्या कडेला लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ घेऊन उभे होते. रविवारची झोप मोडून, न ओळखणाऱ्या माणसांसाठी. एका आजींनी माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि माझी मूठ मिटून दिली. आमच्या लोकलच्या डब्यातल्या बायकाही अशाच. मी पहाटे निघते हे कळल्यावर परतीच्या गर्दीत आपली जागा सोडून मला बसवायच्या, आणि सगळ्यात जास्त पैसे जमवून दिले तेही त्यांनीच. चांगुलपणा कुठून येईल ते सांगता येत नाही, पण ज्यांच्या हातात सत्ता असते त्यांच्याकडूनच तो यावा असं मला वाटायचं. ते आता वाटत नाही.

शेवटच्या टप्प्यात डोक्यावर पाणी ओतून घेतलं, त्यात बूट चिंब झाले. घरी आल्यावर आधी रद्दी काढली आणि बुटांत कागद भरले. दुपारी गजर लावून उठले आणि बदलले. लेकीने विचारलं, हे कुठे शिकलीस? तिला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. तिला तुम्हाला भेटायचंय. पदक तिने तुमच्यासाठी कपाटाच्या दाराला टांगून ठेवलंय.

माझा नंबर तोच आहे. कुठल्याही रविवारी जेवायलाच या, फक्त मेगाब्लॉक बघून निघा.

तुमची,
अकाउंट्समधली ताई