आवाज नसलेला डांग्या खोकला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापूस वेचणीच्या दिवसांत मला खोकला लागला, तो चार आठवडे हटला नाही. वावरातल्या धुळीचा असेल म्हणून मी ओवा चघळत राहिलो. लेक बाळंतपणाला आली होती, अन् नातू दिवसभर माझ्याच मांडीवर.

पाच आठवड्यांच्या त्या लेकराला आधी नुसती सर्दी झाली. ताप नव्हता. मग उबळ आली की तोंड लालबुंद व्हायचं, प्यालेलं दूध उलटायचं. एका रात्री तर श्वासच थांबला, ओठ निळे पडले. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बाळ शांत झोपलेलं. ‘डांग्या असता तर तसा आवाज आला असता,’ म्हणत त्यांनी खोकल्याचं औषध दिलं. आम्हालाही पटलं. माझ्या लहानपणी डांग्या झालेलं पोरगं उबळीनंतर श्वास ओढायचं, तेव्हा ती ‘हूऽऽप’ दोन घरं पलीकडे ऐकू यायची.

लेक हुशार. तिनं पुढची उबळ मोबाइलमध्ये टिपली. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी तो व्हिडिओ पाहिला अन् लगेच भरती करून घेतलं. तिथं कळलं, की तान्ह्या बाळात तो आवाज बहुतेक येतच नाही. श्वास थांबणं हीच खूण. ऑक्सिजन लावला, अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केलं. हे औषध सर्दीच्या टप्प्यातच मिळालं तर आजार हलका जातो. उबळी सुरू झाल्यावर दिलं तर मुख्यतः संसर्ग पसरणं थांबतं, खोकला मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. खोकल्याच्या सिरपचा काही उपयोग नाही. मधाचं बोटही वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. घरातल्या सगळ्यांना गोळ्या दिल्या, मला आधी. लहानपणी घेतलेल्या लसीचं बळ काही वर्षांत ओसरतं, हे मला साठीत कळलं.

आता तक्रार. डांग्यापासून वाचवणारी पेंटाव्हॅलंट लस 6, 10 आणि 14 आठवड्यांनी. म्हणजे पहिले दीड महिने बाळ उघडंच. गरोदरपणी सरकारी केंद्रात मिळणारी टीडी लस धनुर्वात आणि घटसर्पाची, डांग्याची नाही. डांग्याचा समावेश असलेली टीडॅप 27 ते 36 आठवड्यांत घेतली की आईकडून बाळाला संरक्षण मिळतं, पण ती खासगीत, पदरचे पैसे मोजून. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी हा खर्च कोण करणार? शासनानं ती उपकेंद्रात द्यावी.

नातवाला परवा पेंटाचा पहिला डोस दिला. रात्री ताप आला, सकाळी उतरला. त्याच तापाला भिऊन शेजारच्या सुनेनं दुसरा डोस बुडवला होता. काल ती आशाताईंसोबत उपकेंद्रात जाऊन आली.

आपला वाचक,
एक शेतकरी आजोबा, जि. यवतमाळ