कमलाबाई गोखले : एका मूकपटापलीकडची कारकीर्द

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाविषयी मराठी वृत्तपत्रांत काही छापून येते, तेव्हा कमलाबाई गोखले यांचा उल्लेख पडद्यावरच्या आद्य अभिनेत्री म्हणून एका वाक्यात होतो आणि तेथेच संपतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले यांचे निधन झाले, त्या वेळी त्यांच्या या आजीची आठवण पुन्हा निघाली, पण तीही बहुतांशी १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’ या एका मूकपटापुरतीच. उल्लेख चुकीचा नाही. मात्र त्या मूकपटानंतर कमलाबाई रंगभूमीवर परतल्या आणि त्यांच्या उमेदीची वर्षे प्रामुख्याने तेथे गेली, ही गोष्ट त्यातून गळून पडते.

दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी एकही स्त्री मिळाली नाही आणि तारामतीचे काम अण्णा साळुंके यांना करावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी कमला मोहिनी झाली. आई पहिली की मुलगी, हा वाद अधूनमधून निघतो. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे की दोघीही फाळक्यांकडे फिरत्या नाटक मंडळीतून आल्या होत्या. नवऱ्यापासून वेगळे झाल्यावर दुर्गाबाईंनी मुलीला घेऊन नाटकाचा पेशा धरला होता, आणि कमलाबाई अगदी लहानपणापासून रंगमंचावर उभ्या राहत होत्या. म्हणजे चित्रपटाने त्यांना अभिनेत्री केले नाही. तयार अभिनेत्री चित्रपटाला रंगभूमीने दिली.

शिवाय मूकपटाला या मुलीच्या शिक्षणातला मोठा भाग वापरताच येण्याजोगा नव्हता. संगीत नाटकाच्या त्या काळात नटाचे भांडवल म्हणजे गळा आणि वाणी. ध्वनिक्षेपकाची सोय नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा, पद रंगवायचे, वन्समोअर आला की तेच पद पुन्हा तितक्याच ताकदीने म्हणायचे आणि रात्र बरीच चढेपर्यंत आवाज टिकवायचा, हे सारे तालमीतून अंगी बाणलेले असे. पडद्यावर त्यातली फक्त मुद्रा आणि हालचाल उरली. बाकीचे काम मधल्या अक्षरपट्ट्यांनी केले. त्यामुळे मूकपटाकडून रंगभूमीकडे जाण्याला मागे फिरणे म्हणणे मला पटत नाही. तेथे त्यांना आपला आवाज परत मिळाला.

दुसरी बाजूही पाहावी. १९१३ मध्ये पडद्यावर स्त्रियांसाठी दार उघडले असे आपण म्हणतो, पण ते लगेच लोटलेही गेले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. रंगभूमीवरही स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांचा तो बहराचा काळ होता. गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३ चीच. बालगंधर्वांच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तरीही त्यांच्या तेजापुढे, त्याच काळात प्रत्यक्ष स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या आणि त्याबद्दल समाजाची अवहेलना सोसली, हे आपल्या नाट्येतिहासात झाकोळून गेले आहे. कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. ते स्वतः नट होते, आणि गोखल्यांच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत कमलाबाई नायिकेची कामे करीत. ऐन पंचविशीत त्यांना वैधव्य आले. पदरी मुले होती, आणि त्या वयातल्या विधवेने तोंडाला रंग लावून लोकांपुढे उभे राहावे, हे त्या काळच्या समाजाला सहज रुचणारे नव्हते. त्यांनी रंग उतरवला नाही. पुढे स्त्रियांच्या नाटक मंडळीत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. पुरुषांनी स्त्रिया रंगवण्याचे कौतुक करणाऱ्या त्या युगात एक बाई पुरुष रंगवून घर चालवीत होती, याची नोंद आपण ठळक अक्षरांत करायला हवी होती.

‘आंधळ्यांची शाळा’ या १९३३ च्या नाटकापासून मराठी रंगभूमीवरील स्त्रियांच्या वावराची कथा सुरू करण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्या प्रयोगाचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरून, पोटासाठी आणि कलेसाठी रोज उभ्या राहिलेल्या स्त्रिया त्याआधी होऊन गेल्या होत्या, आणि कमलाबाई त्यांच्यातल्या एक होत्या. त्यांनी पुढे बोलपटांतही कामे केली. त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले रंगभूमीवर मोठे झाले, लालजी आणि सूर्यकांत यांनी तबल्यात नाव मिळवले. रीना मोहन यांनी कमलाबाईंवर माहितीपट केला, म्हणून वृद्धापकाळातल्या त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकण्याची सोय झाली. त्या पिढीच्या कितीतरी अभिनेत्रींच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

चित्रपट हरवला तरी त्याचे नाव, वर्ष, दिग्दर्शक सूचीत राहतात. नाटकाचा खेळ पडदा पडताच संपतो. मागे उरतात संवाद उतरवून घेतलेल्या नकलांच्या वह्या, हस्तपत्रके, जमाखर्चाची बाडे, आणि तीही वारसांच्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन झालेली असतात. एक साधन मात्र अजून हाताशी आहे, ते म्हणजे त्या काळची वृत्तपत्रे. नाटक मंडळ्यांच्या जाहिरातींत खेळाचे नाव, तारीख, नाट्यगृह, पुष्कळदा प्रमुख नटनटींची नावेही छापलेली असत. जुन्या दैनिकांनी आणि ग्रंथालयांनी १९१० ते १९४० या काळातल्या अंकांतील अशा जाहिराती एकत्र करून अभ्यासकांना खुल्या केल्या, तर कमलाबाई कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, कोणत्या भूमिकेत उभ्या होत्या हे बरेचसे सांगता येईल. आणि त्यांच्याबरोबर इतर अनेक अभिनेत्रींची नावेही समोर येतील. आपल्या दैनिकाने या कामी पुढाकार घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अंक वाचून नोंदी उतरवून काढण्याच्या कामात माझ्यासारखे निवृत्त वाचक आनंदाने हातभार लावतील.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, पुणे