आई-बाबांना पत्र: सहा ते सात टीव्ही बंद

ती. आई, ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी इथल्या, इंग्लंडमधल्या आमच्या केअर होममधल्या (वृद्धांच्या निवासातल्या) आठवणींच्या तासाबद्दल सांगायला लागले आणि मागे चाललेल्या बातम्यांमुळे आईला काही ऐकूच येईना. म्हणून हे पत्र.

इथले बरेचसे आजी-आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. या वेळी विषय होता त्यांच्या लहानपणचा टीव्ही. बीबीसीच्या ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकातली जुनी वेळापत्रकं इंटरनेटवर मिळतात. त्यातला १९५० च्या दशकातला एक मंगळवार मी मोठ्या अक्षरांत छापून टेबलावर ठेवला. एरवी दोन वाक्यांपुढे न जाणाऱ्या एक आजी त्या कागदावर बोट ठेवून बोलतच राहिल्या.

बाबा, पहिलं नवल म्हणजे त्या कागदावर रिकामी जागाच जास्त होती. दुपारी गृहिणींसाठी थोडं काही. मग चारच्या आधी अगदी छोट्यांसाठी पंधरा मिनिटं. मंगळवार म्हणजे अँडी पँडीचा दिवस: पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेला, दोऱ्यांवर हलणारा बाहुला. हा कार्यक्रम मुलांनी आईजवळ बसून बघावा अशीच योजना होती. पाच ते सहा शाळकरी मुलांचे कार्यक्रम. आणि सहा वाजले की पडदा रिकामा! सात वाजेपर्यंत काहीच नाही. त्या तासाला ‘टॉडलर्स ट्रूस’, म्हणजे छोट्यांसाठीचा तह, म्हणत. मुलांना जेवू घालून झोपवायला घराला उसंत मिळावी, म्हणून देशभरात प्रक्षेपण थांबत असे. आजी म्हणाल्या, त्यांची आई ‘टीव्ही संपला’ एवढंच सांगायची आणि सगळी भावंडं निमूटपणे जिना चढायची.

१९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही सुरू झाली. तिला तो रिकामा तास परवडेना. त्या वेळचे पोस्टमास्टर जनरल (टपालाबरोबर प्रक्षेपणाचंही खातं सांभाळणारे मंत्री) चार्ल्स हिल यांचंही मत होतं की मुलांना कधी झोपवायचं हे आईवडिलांनी ठरवावं, सरकारने नाही. १६ फेब्रुवारी १९५७ पासून तो तास भरला गेला. हिल यांचं म्हणणं मला पटतं. पण तो तास गेला याचं वाईटही वाटतं.

कार्यक्रमांच्या मधल्या फटीही तशाच. बरंचसं थेट स्टुडिओतून चालायचं, त्यामुळे वेळ मागेपुढे व्हायची, यंत्रं बिघडायची. रविवारचं नाटक गुरुवारी परत दाखवायचं तर नट पुन्हा येऊन अख्खं नाटक नव्याने करत. मधल्या वेळेत एक छोटी फिल्म लावत: कुंभाराचं चाक फिरतंय, ओल्या मातीवर दोन हात, भांडं आकार घेतंय, बदलतंय, पुरं मात्र होत नाही. कधी पवनचक्की, कधी लोकरीशी खेळणारं मांजराचं पिल्लू. मी त्यांना आपल्या ‘रुकावट के लिए खेद है’ बद्दल सांगितलं.

राणी एलिझाबेथ (दुसरी) यांच्या राज्याभिषेकाच्या दिवसावर तर सगळेच एकदम बोलायला लागले. २ जून १९५३, दिवसभर पाऊस. आमच्या यॉर्कशायरकडे टीव्ही पोचलाच मुळी ऑक्टोबर १९५१ मध्ये, होम मॉसच्या टेकडीवर मनोरा उभा राहिल्यावर. त्यामुळे गल्लीत एखाद्याच घरी सेट. सकाळी सव्वादहाला प्रक्षेपण सुरू झालं ते जवळजवळ सात तास चाललं. पडदे ओढून, खुर्च्या आपापल्या घरून आणून, वीतभर पडद्यासमोर भिंग लावून माणसं दाटीवाटीने बसली होती. देशात दोन कोटींहून अधिक लोकांनी तो सोहळा पाहिला असं सांगतात आणि सेट होते सुमारे सत्तावीस लाख. पंतप्रधान चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाला वेस्टमिन्स्टर ॲबीत, म्हणजे जिथे सोहळा झाला त्या चर्चमध्ये, कॅमेरे नकोच होते, नंतर ते नमले. तरी राणीला पवित्र तेल लावण्याचा क्षण दाखवला नाही. कॅमेऱ्यांनी तिथे नजर वळवली. सगळं दाखवता येत असताना काही न दाखवण्याचा हा संकोच मला फार आवडला.

आता बाबा, ज्यासाठी मुख्यतः लिहितेय ते. १९५५ पर्यंत बीबीसीच्या टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्याचा चेहराच दिसत नसे. चेहऱ्यावरच्या भावांमुळे बातमीला रंग चढेल अशी त्यांना भीती वाटायची. पुढे चेहरे आले आणि ते बरंच झालं. पण त्या भीतीमागची काळजी खरी होती असं मला वाटतं. तुम्ही रात्री ज्या चर्चा बघता, त्यात बातमी थोडी आणि चेहरेच फार. त्यानंतर तुम्हाला झोप लागत नाही आणि प्रेशर वाढतं, हे आईने मला सांगितलंय. तिच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं. त्या काळी इथे रात्री शेवटी राष्ट्रगीत व्हायचं आणि प्रक्षेपण बंद. ते कोणीतरी वरून ठरवलेलं होतं. आता ते आपल्यालाच ठरवावं लागणार.

माझी विनंती एवढीच: रोज संध्याकाळी सात ते आठ टीव्ही बंद ठेवा. तेव्हा इथे माझी दुपारची सुट्टी असते, मी त्याच वेळी फोन करीन. सातच्या बातम्या चुकतील, पण सकाळचा पेपर तुम्ही नाहीतरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचताच.

आणि आई, त्या आजींनी मला विचारलं, तुमच्याकडे टीव्ही कधी आला? मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं हे मी सांगितलं, पण पुढचं तुलाच माहीत. शनिवारचा मराठी सिनेमा तुम्ही कोणाच्या घरी बघायचात, ‘साप्ताहिकी’ ऐकून कार्यक्रम लिहून ठेवायची ती वही कोणाकडे असायची, घरमालकीणबाई खरंच दारात चपला मोजायच्या का, हे सगळं नीट आठवून ठेव. पुढच्या आठवणींच्या तासाला मला ते त्यांना सांगायचंय. बाबांनाही विचार. त्यांनी गच्चीवर अँटेना फिरवल्याची गोष्ट तू अर्धीच सांगितली होतीस.

गुडघ्याचा पट्टा वापरतेस ना?

तुमची,
मनू