तुम्ही आणलेला पाइपचा तुकडा

प्रिय पानी,

हे पत्र मराठीत लिहितोय, म्हणजे यातलं एक अक्षरही तुम्हाला कळणार नाही. पोलिशमध्ये लिहायला तीनदा बसलो. ‘सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’ याच्यापुढे माझी पोलिश सरकत नाही, आणि तेवढ्यावर भागवायची माझी इच्छा नव्हती. आधी माझ्या माणसांना सांगतो. मग गुरुवारी तुमच्या कार्यालयात बसून ओळ न् ओळ तुम्हाला समजावून सांगेन.

वाचणाऱ्यांसाठी थोडं. पोलंडमध्ये बाईंना आदरानं ‘पानी’ म्हणतात. यांचं नाव लिहीत नाही, कारण ते त्यांना आवडणार नाही. आमच्या भागातल्या छोट्या कारखानदारांची एक संघटना आहे, तिच्या कार्यालयात त्या काम करतात. मी मूळचा कोल्हापूरचा, वडिलांचं शॉप, म्हणजे छोटा कारखाना, तिथल्या उद्यमनगरात. आता पोलंडच्या आग्नेय टोकाला, झेशुफ शहराजवळ माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. सात माणसं आहेत. फुटलेल्या, गळणाऱ्या पाण्याच्या पाइपवर बसवायचे स्टीलचे क्लॅम्प आम्ही करतो. इथून युक्रेनची सीमा गाडीनं सव्वा तासावर आहे.

पुनर्बांधणी हा शब्द आपल्याला युद्ध संपल्यानंतरचा वाटतो. पण फुटलेली नळाची लाइन तह व्हायची वाट बघत नाही. दक्षिण युक्रेनमधल्या मिकोलाइव्हचं उदाहरण सांगतो. युद्धाआधी पावणेपाच लाख वस्तीचं शहर. त्याला द्नीप्रो नदीचं पाणी यायचं. एप्रिल 2022मध्ये ती मुख्य लाइनच लढाईत फुटली. महिनाभर नळ कोरडे. मग निदान संडास-मोरीला तरी पाणी मिळावं म्हणून बुग नदीच्या खाडीतलं खारट पाणी नळाला सोडलं गेलं. प्यायचं पाणी लोक कॅन घेऊन रांगा लावून भरायचे. हे महिन्या-दोन महिन्यांचं नव्हतं, वर्षानुवर्षं चाललं. आणि त्या खारट पाण्यानं शहराखालचे पाइप आतून खाल्ले. आज इथे गळती, उद्या तिथे. बॉम्ब एका जागी पडतो, मीठ सगळीकडे पोचतं.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, आपलं काम हेच तर आहे. इतकं साधं वाटलं होतं.

2023 सालात इकडे जो तो पुनर्बांधणीवर बोलत होता. मोठमोठ्या हॉलमध्ये प्रदर्शनं, गळ्यात पट्टे, पडद्यावर अब्जावधी डॉलरचे आकडे. जागतिक बँकेचा अंदाज तेव्हा 411 अब्ज डॉलरचा होता, फेब्रुवारी 2025मध्ये तो 524 अब्जांवर गेला. असा आकडा ऐकला की लहान माणसालाही वाटतं, यातला एखादा थेंब आपल्या वाट्याला येईल. मीही एका सल्लागाराला पैसे दिले. नाव लिहीत नाही. त्यांना मी कोल्हापूरचा आहे हे कळलं आणि ते खूश झाले. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटलेले पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. हा इतिहास इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्या गृहस्थांनी एका जेवणाच्या कार्यक्रमात मला उभं केलं, कोल्हापूर आणि पोलंडच्या ऋणानुबंधावर भाषण केलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या हप्त्याचं बिल आलं. त्यानंतर काम का होत नाही विचारलं तर सीमेवरच्या ट्रकवाल्यांच्या आंदोलनाचं कारण सांगितलं. ते आंदोलन जानेवारी 2024मध्ये थांबलं. फोन मात्र त्यानंतरही कुणी उचलला नाही.

आणखी एका मोठ्या संस्थेत गेलो. तिथल्या साहेबांनी आमचं माहितीपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, यात पोलिश भागीदार कोण आहे? मी म्हटलं, मीच आहे, इथेच कर भरतो. ते हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून, पानी, तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मी जरा तुटक बोललो असेन. तुम्ही कोल्हापूरबद्दल काही बोलला नाहीत. ऋणानुबंध नाही, काही नाही. तुम्ही विचारलंत, ‘पत्रा किती जाडीचा? रबर कुठलं?’ वर्षभरात मला कुणी पहिल्यांदा माझ्या मालाबद्दल विचारत होतं.

पुढचं कागदाचं सगळं तुम्ही आणि तुमच्या संघटनेनं कसं केलं ते इथे लिहीत बसत नाही. विमा, प्रमाणपत्रं, भाषांतर, निविदेचे अर्ज... माझ्यासारख्याला एकट्यानं ते जन्मात जमलं नसतं, एवढंच. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

मिकोलाइव्हच्या पाणीखात्यानं आधी नमुन्याचे 40 क्लॅम्प मागितले. कागदावर माप होतं 150 मिलिमीटर. आमच्याकडेही पाइप 150चाच. मी रात्र रात्र बसून 40 नग केले, पॉलिश केले, प्रत्येक बोल्ट हातानं फिरवून बघितला आणि पाठवले. तीन आठवड्यांनी निरोप आला, बसत नाहीत. नुसतं तेवढंच. बोल्ट शेवटपर्यंत आवळला तरी खालून पाणी येतंय.

त्या दिवशी मी शटर ओढून आत बसून राहिलो. वाटलं, झालं. आता सगळे म्हणणार, बघा, आम्ही सांगितलंच होतं. स्वतः जाऊन बघावं तर माझा पासपोर्ट भारतीय. पोलिश माणूस सरळ सीमा ओलांडतो, मला व्हिसा लागतो. तुम्हाला फोनवर हे सांगताना माझा आवाज बसला होता. तुम्ही फक्त म्हणालात, ‘दुसऱ्या कामासाठी मी तिकडे जातेच आहे, बघते.’

बघते, असं तर सगळेच म्हणतात.

नऊ दिवसांनी, शनिवारी सकाळी, तुम्ही वर्कशॉपच्या दारात उभ्या होतात. घरी न जाता थेट स्टेशनावरून आला होतात. युक्रेनची रुंद रुळांची गाडी सीमेच्या अलीकडे प्शेमिशल स्टेशनापर्यंत येते. तिथून दुसरी गाडी पकडून तुम्ही झेशुफ गाठलंत आणि पुढे बसनं आमच्याकडे. मिकोलाइव्हपासून हजारेक किलोमीटरचा प्रवास, तोही रात्रीचा, सायरनमध्ये थांबत थांबत. विमानं तर 2022पासून बंदच. डोळे लाल झाले होते. तुम्ही पिशवीतून एक टॉवेल काढलात, माझ्या टेबलावर उलगडलात आणि त्यातून पाइपचा तुकडा निघाला.

वीतभरही लांब नसेल. तिथल्या माणसांनी रस्त्यात खणलेल्या खड्ड्यातून काढलेला, करवतीनं कापलेला. वजन दोन किलोच्या आसपास. बाहेरून काळपट, माती तशीच चिकटलेली. आत बघितलं आणि मी गप्पच झालो. वाळवीनं खाल्लेल्या चौकटीसारखं लोखंड, आणि खळग्याखळग्यात पांढरं मीठ. बोटानं खरवडलं तर भुगा पडत होता. तुम्ही म्हणालात, ‘मी धुतला नाही. तुम्हाला तो असाच बघायला हवा असं वाटलं.’

मी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, लावला. बाहेरचं माप 159. परत लावला. 159. आमच्या इकडच्या 150च्या स्टील पाइपचं बाहेरचं माप 168च्या वर असतं. तिकडचे पाइप सोव्हिएत काळातल्या मापाचे. कागदावर दोन्ही 150, आणि हातात घेतलं तर 9 मिलिमीटरचा फरक. माझा क्लॅम्प पूर्ण आवळला जात होता, पण आतलं रबर सैलच राहत होतं. भिंत मोजली तर साडेचार मिलिमीटरची कुठे कुठे दोनवर आली होती. म्हणजे जास्त आवळून चालणार नाही, पाइपच चेपेल. हे मला कुठल्या ड्रॉइंगनं सांगितलं असतं?

पानी, तो तुकडा आणायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या पगारात ते बसत नाही. सीमेवर कस्टमवाल्यानं टॉवेल उघडायला लावला आणि गंजकं लोखंड कशाला नेताय म्हणून विचारलं, हे तुम्ही नंतर सहज सांगितलंत. तुम्ही साठीच्या पुढच्या. दोन किलो लोखंड खांद्याला अडकवून दोन गाड्या आणि एक बस बदललीत, कारण एका सात माणसांच्या शॉपला त्याची चूक हातात घेऊन बघायला मिळावी. मी चहा करून आणला तोपर्यंत तुम्ही स्टुलावर बसल्या बसल्या झोपला होतात. आमच्या वेल्डरनं ग्राइंडर बंद केला. तासभर कुणी आवाज केला नाही.

रबर जाड केलं, पट्टीची लांबी बदलली, दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून बोल्टची जागा थोडी हलवली. दुसरे 40 गेले. आठवड्यानं तुम्ही फोन केलात आणि एकच शब्द बोललात, ‘सुखो.’ पोलिशमध्ये म्हणजे कोरडं. मी आईला कोल्हापूरला फोन लावला, तिथे रात्रीचे दहा वाजून गेले होते. तिला काय झालंय ते नीट कळलं नाही, पण मी रडतोय हे कळलं.

माझ्या वडिलांच्या काळात उद्यमनगरात शेजारच्या शॉपची भट्टी बिघडली तर आपलं काम थांबवून त्याचं कास्टिंग ओतून द्यायचे. पॅटर्न एकमेकांना द्यायचे, लेथ द्यायचे, आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नसे. मला वाटायचं, ते आपल्याच गावात होतं आणि तेव्हाच होतं. वळिवड्याला ती परकी मुलं आली तेव्हाही त्यांना दूध पोचवणारी, त्यांच्यासाठी शिवणकाम करणारी, पाणी भरणारी माणसं कुणीतरी होतीच की. त्यांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत. ऑगस्ट 2024मध्ये आपले पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहून गेले, तेव्हा मीही टीव्हीसमोर उभा राहिलो होतो, अभिमानानं. पण त्या दगडामागे खरं काय असेल ते मला तुमच्या टॉवेलमधल्या लोखंडामुळे कळलं.

तुमच्या संघटनेतून आता आमच्यासारखीच आणखी काही लहान शॉप तिकडे माल पाठवतायत. खिडक्यावाले आहेत, ट्रान्सफॉर्मरची टाकी करणारे आहेत. त्यातला एकजण परवा मला विचारत होता, मापं कशी नक्की करायची. मी त्याला आत नेऊन तो तुकडा दाखवला. तो तसाच आहे, न धुतलेला, खिडकीत ठेवलाय. दमट हवेत त्यातलं मीठ अजून ओलं होतं.

गुरुवारी येतो. 219च्या मापाचे नवे नमुने आणतोय, ते तुमच्या डोळ्याखालून जाऊ देत. आणि आईनं भडंग पाठवलाय, खास तुमच्यासाठी म्हणून वेगळा बांधून. तिखट आहे, पण कमी करायला सांगितलं नाही.

आपला,
झेशुफचा कोल्हापूरकर