पूना गेस्ट हाउसच्या आठवणी लिहून ठेवायला हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या वारशाचा विषय निघाला की चर्चा वाडे, देवळे आणि घाट यांच्याभोवती फिरते. परगावची माणसे जेथे उतरली, जेवली आणि पुढच्या मुक्कामाला निघून गेली, त्या जागेला वारसा म्हणण्याची आपल्याला सवय नाही. म्हणून लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाउसविषयी लिहीत आहे.

मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली ते सुरू केले. दोनच वर्षांपूर्वी, १९३३ मध्ये, प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली होती आणि त्यामुळे नट, लेखक व तंत्रज्ञ यांचा शहरातील राबता वाढला होता. मालकच त्या दुनियेतला, तेव्हा कलावंतांना ही जागा आपली वाटली यात नवल नाही. पुढे त्यांचे चिरंजीव चारुदत्त, म्हणजे सर्वांचे चारुकाका, यांनी हा ऋणानुबंध नाटकवाल्यांशी अधिकच घट्ट केला. आणि तो केवळ नामवंतांपुरता न ठेवता पडद्यामागे राबणाऱ्या कामगारांनाही त्यांनी आपले मानले, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्रयोग संपून नेपथ्य उतरवून ट्रकमध्ये भरेपर्यंत मध्यरात्र उलटते. अशा वेळी गरम जेवण आणि पाठ टेकायला खोली मिळणे म्हणजे काय, हे दौऱ्यावर हिंडलेल्या माणसालाच विचारावे.

माझे वडील नाटकवेडे. खरेदीसाठी लक्ष्मी रस्त्यावर आलो की ते आम्हा भावंडांना येथे आणत, थालीपीठ मागवत आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी कोण असतील याचा हळू आवाजात अंदाज बांधत बसत. आजही येथे थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी असे घरचे पदार्थ मिळतात, आणि त्यांची चव उपाहारगृहाची न वाटता कोणा मावशीच्या स्वयंपाकघरातली वाटते.

मूकपटांच्या बहुतेक फिती आता शिल्लक नाहीत. त्या काळातील एका दिग्दर्शकाने उभारलेली वास्तू आणि तिच्यात जपला गेलेला आतिथ्यधर्म मात्र आपल्यासमोर आहे, आणि या जागेची खरी कहाणी जाणणारे रंगमंच कामगार, जुने वाढपी व नाट्यव्यवस्थापक आता वृद्ध झाले आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यातच आहे. त्याने किंवा एखाद्या नाट्यसंस्थेने सरपोतदार कुटुंबीयांच्या संमतीने या मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, तसेच जुनी छायाचित्रे व पत्रे असल्यास त्यांच्या प्रती जतन कराव्यात. आपल्या वृत्तपत्रानेही वाचकांकडून अशा आठवणी मागवाव्यात, ही नम्र विनंती. सर्वांत आधी पडद्यामागच्या माणसांना लिहिते करावे. ज्यांना लिहिणे जमत नाही, त्यांच्याकडे बसून कोणीतरी ते उतरवून घ्यावे.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे